विंडोज मराठीत आणताना: आधी एडिशन बघा, मग भाषा बदला

विंडोजचे मेनू मराठीत आणणं अवघड नाही. बरं इंटरनेट असेल तर चहा होईपर्यंत काम आटोपतं. तरीही बऱ्याच जणांची अख्खी दुपार त्यात जाते, कारण सुरुवात करण्याआधी एक ओळ वाचायची राहून जाते. ती ओळ म्हणजे आपल्या विंडोजची एडिशन.

सेटिंग्ज उघडा (विंडोजचं बटण दाबून धरून आय दाबलं तरी उघडतं), सिस्टिममध्ये जा आणि अगदी खाली अबाउट उघडा. तिथे एडिशनसमोर विंडोज ११ होम किंवा प्रो लिहिलेलं असेल तर पुढे चला. होम सिंगल लँग्वेज लिहिलेलं असेल तर थांबा. या एडिशनला पडद्यावरची एकच भाषा ठेवायची परवानगी आहे, आणि आपल्याकडे दुकानांतून मिळणाऱ्या घरगुती लॅपटॉपांपैकी पुष्कळांवर हीच एडिशन असते. मराठी जोडायला गेलं की 'तुमचं लायसन्स एकाच डिस्प्ले लँग्वेजला चालतं' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. हा बिघाड नाही, त्यामुळे फॉरमॅट मारून काही उपयोग होत नाही. रीतसर मार्ग एकच: पैसे भरून साध्या होम किंवा प्रो एडिशनवर जाणं. प्रोसाठीचा पर्याय सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथेच मिळतो. असा अपग्रेड केला तर फायली आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात. शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या 'प्रो की' घेऊ नका. त्या मूळ कोणाच्या नावावर आहेत हे कळत नाही आणि पुढे कधीही बंद पडू शकतात.

म्हणून नागपूरच्या सीताबर्डीत लॅपटॉप घ्यायला गेलात तर रॅम आणि हार्ड डिस्कसोबत एडिशनही विचारा. खोक्यावरच्या लेबलवर ती बहुधा छापलेली असते. आईवडिलांसाठी मशीन घेत असाल आणि ते मराठीतून वापरणार असतील, तर हा प्रश्न बिल होण्याआधी विचारायचा. नंतर विचारून पैसे वाचत नाहीत.

सिंगल लँग्वेजवर अडकलात आणि अपग्रेड करायचा नसेल तरी सगळं संपलं असं नाही. मराठी कीबोर्ड त्या एडिशनवरही जोडता येतो, आणि क्रोमसारखे प्रोग्राम स्वतःपुरते मराठीत करता येतात. रोजच्या वापरात माणूस ब्राउझरमध्येच जास्त वेळ असतो, त्यामुळे बऱ्याच घरांत एवढ्यानंही भागतं.

नेमकं काय बदलायचं आहे?

'कॉम्प्युटर मराठीत करून द्या' असं सांगणाऱ्याच्या मनात चारपैकी एक गोष्ट असते. पहिली, मेनू आणि सूचना मराठीत दिसणं; ही डिस्प्ले लँग्वेज. दुसरी, मराठीत टाइप करता येणं. ते कीबोर्डचं काम. तिसरी, तारीख, महिने, रुपयांचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं दिसणं. ते रीजनल फॉरमॅटकडे असतं. चौथी, जुनी मराठी फाइल उघडल्यावर दिसणारा अगम्य मजकूर नीट वाचता येणं. तो फॉन्टचा प्रश्न आहे. चारही सेटिंग्ज एकमेकांपासून वेगळी आहेत. मेनू इंग्रजी ठेवून मराठी टाइप करता येतं, आणि मेनू मराठी केले म्हणून जुनी फाइल सुधारत नाही. बहुतेक गोंधळ एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेल्यामुळे होतो.

विंडोज ११ मध्ये

मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या खात्यातून काम करा. भाषेचा पॅक बसवायला ते लागतात.

१. सेटिंग्ज उघडून डावीकडच्या यादीत टाइम अँड लँग्वेज निवडा, मग लँग्वेज अँड रीजन.

२. प्रेफर्ड लँग्वेजेस या ओळीसमोर ॲड अ लँग्वेज दाबा. शोधायच्या चौकटीत इंग्रजीत मराठी हा शब्द लिहा आणि समोर आलेली मराठी निवडा. नावं नीट वाचा. हिंदी, कोंकणी, नेपाळी यांचीही लिपी देवनागरीच, त्यामुळे घाईत हिंदीवर क्लिक होतं आणि पॅक उतरल्यावर लक्षात येतं.

३. नेक्स्ट दाबलं की बसवायच्या गोष्टींची यादी येते. लँग्वेज पॅकची खूण असलीच पाहिजे. त्याखालीच सेट ॲज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज असा चौकोन आहे, त्यावरही खूण करा. हाच चौकोन सर्वात जास्त वेळा सुटतो. सुटला तरी हरकत नाही. पॅक बसल्यावर पानाच्या वरच्या भागातल्या विंडोज डिस्प्ले लँग्वेजच्या यादीतून मराठी निवडता येते.

४. इन्स्टॉल दाबा आणि पॅक पूर्ण उतरू द्या. मध्ये वीज जाण्याची शक्यता असेल, आणि मे महिन्यात नागपूरला ती असतेच, तर डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय सुरुवात करू नका.

५. साइन आउट करायला सांगेल. उघड्या फायली सेव्ह करून साइन आउट करा आणि पुन्हा आत या. मेनू मराठीत दिसतील.

विंडोज १० मध्ये वाट जवळपास हीच आहे: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज. मात्र मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. मशीन ११ वर नेता येत असेल तर आधी ते करा, भाषा नंतर.

आत आल्यावर सगळंच मराठी दिसणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. विंडोजमधली मराठी ही पूर्ण भाषा म्हणून नाही, तर इंग्रजीवर चढवलेला इंटरफेस पॅक म्हणून येते. स्टार्ट मेनू, सेटिंग्ज, फाइल एक्स्प्लोरर असे नेहमी लागणारे भाग मराठीत येतात. आतली जुनी साधनं आणि कमी वापराच्या खिडक्या इंग्रजीतच राहतात. याच कारणानं यादीतली इंग्रजी कधीही काढून टाकू नका. मराठीला खाली ती पायाभूत भाषा लागते.

फोल्डरच्या बाबतीत एक भीती अनेकांना असते. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स यांची नावं पडद्यावर मराठीत दिसली तरी डिस्कवरचा खरा पत्ता इंग्रजीच राहतो. इतवारीतल्या दुकानात हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे तिथेच राहील आणि बॅकअपही पूर्वीसारखाच चालेल.

आणखी एक सोय नागपूरच्या घरांना आणि दुकानांना फार उपयोगाची आहे. डिस्प्ले लँग्वेज ही प्रत्येक खात्याची वेगळी असते. मालकाला मराठी हवी, ऑपरेटरला हिंदी, आणि मुलाला इंग्रजी, तर तीन खाती करा. पॅक मशीनवर एकदाच बसवायचे. मग ज्यानं त्यानं आपल्या खात्यात आपली भाषा निवडायची. एकाच खात्यावर रोज भाषा बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं.

पासवर्ड टाकायच्या पानावर इंग्रजीच दिसते

साइन-इनचं पान तुमच्या खात्याचं नसतं, म्हणून तिथे बदल आपोआप होत नाही. स्टार्टमध्ये कंट्रोल पॅनल शोधून उघडा, रीजन निवडा, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह या टॅबवर जा आणि कॉपी सेटिंग्ज दाबा. खाली दोन चौकोन दिसतील: एक वेलकम स्क्रीन आणि सिस्टिम खात्यांसाठी, दुसरा पुढे तयार होणाऱ्या नव्या खात्यांसाठी. पहिल्यावर खूण करून मशीन रीस्टार्ट करा.

पण इथे सावध. ही कॉपी डिस्प्ले लँग्वेजसोबत टाइप करायची भाषाही नेते. तुमचा चालू कीबोर्ड मराठी असेल तर पुढच्या वेळी पासवर्डच्या चौकटीतही मराठी कीबोर्ड येईल, आणि पासवर्ड बरोबर टाइप करूनही चुकीचा ठरेल. पासवर्ड ठिपक्यांत दिसत असल्यामुळे कारण कळत नाही. म्हणून कॉपी करण्याआधी टाइम अँड लँग्वेजमधलं टायपिंग उघडा, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जा आणि डिफॉल्ट इनपुट म्हणून इंग्रजी (इंडिया) ठेवा. आधीच अडकला असाल तर साइन-इन पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. तिच्यावर क्लिक करून इंग्रजी निवडा.

त्याच ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड वापरण्याचा चौकोन आहे. बिलं इंग्रजीत आणि पत्रं मराठीत टाइप करणाऱ्यानं तो जरूर लावावा. मग वर्डमध्ये मराठी सुरू ठेवली तरी हिशेबाच्या खिडकीत इंग्रजीच राहते.

कीबोर्ड

मराठी जोडल्यावर सोबत इनस्क्रिप्ट पद्धतीचा (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या अक्षरमांडणीचा) कीबोर्ड येतो. त्यात ळ हवा असेल तर शिफ्ट आणि एन. दऱ्या, सुऱ्या यांतला अर्धा र हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅशच्या बटणावरचा य. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय असेल तर मराठी फोनेटिक जोडा: लँग्वेज अँड रीजनमध्ये मराठीसमोरचे तीन टिंब, लँग्वेज ऑप्शन्स, ॲड अ कीबोर्ड. एकातून दुसऱ्यात जायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार. टायपिंगच्या संस्थेत रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेला असेल तर तो लेआउट विंडोजमध्ये मूळचा नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागतं.

तारीख आणि अंक

विंडोज ११ मध्ये रीजनल फॉरमॅटला रेकमेंडेड असा पर्याय असतो. तो ठेवला तर डिस्प्ले लँग्वेज बदलताच तारखांची मांडणीही तिच्या मागे जाऊ शकते. घरच्या मशीनवर फरक पडत नाही. पण जिथून एक्सेलच्या फायली पोर्टलवर चढवायच्या असतात तिथे महिन्याचं नाव मराठीत गेलं की फाइल परत येते. कामाच्या मशीनवर फॉरमॅट हातानं इंग्लिश (इंडिया) ठेवावा, हे आमचं ठाम मत. लाख-कोटींचे स्वल्पविराम त्यातही बरोबर पडतात. अंक देवनागरीत दिसू लागले आणि नको असतील, तर कंट्रोल पॅनलच्या रीजनमध्ये ॲडिशनल सेटिंग्ज उघडा आणि नेटिव्ह डिजिट्ससमोर नेव्हर निवडा.

कृतिदेव, श्री-लिपी आणि जुन्या फायली

सिव्हिल लाइन्समध्ये न्यायालयाच्या आसपास टायपिंग करून देणाऱ्यांकडे आणि महालातल्या छपाईच्या दुकानांत वर्षानुवर्षांची कामं कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये पडून आहेत. अशी फाइल नव्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि कोणीतरी सुचवतं की विंडोजची भाषा मराठी करून बघा. त्यानं काहीही होत नाही.

कारण असं. या फायलींत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या विशिष्ट फॉन्टनं त्यांच्या जागी देवनागरीचे आकार काढलेले असतात. फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. याउलट युनिकोड या पद्धतीत खरी मराठी अक्षरंच साठवली जातात. फाइल युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये, हे ओळखायची सोपी पद्धत: चार ओळी निवडून फॉन्ट निर्मला यूआय करा. मजकूर मराठीच राहिला तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं झाली तर जुना फॉन्ट.

फाइल फक्त वाचायची किंवा छापायची असेल तर तोच फॉन्ट रीतसर बसवणं पुरेसं आहे. पुढे संपादन करायचं असेल, ईमेलमधून पाठवायचं असेल किंवा पोर्टलवर टाकायचं असेल तर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये रूपांतर करा, आणि मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द आधी तपासा: आर्थिक, वार्षिक, निर्मिती, स्थिती. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. कन्व्हर्टर हमखास चुकतो तो इथेच. मग ऱ्य, क्ष, ज्ञ आणि अवतरणचिन्हं बघा. न्यायालयाचा कागद असेल तर नावं आणि रकमा मूळ छापील प्रतीशी ताडूनच पुढे द्या.

या भानगडीत कंट्रोल पॅनलमधल्या 'नॉन-युनिकोड प्रोग्रामची भाषा' या सेटिंगला हात लावू नका. कृतिदेव, श्री-लिपीचा प्रश्न त्यानं सुटत नाही, उलट एखादं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर मात्र बिघडू शकतं.

अडतं कुठे

पॅक डाउनलोड होतच नाही. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतलेलं असेल तर विंडोज त्याला बरेचदा मीटर्ड (मर्यादित डेटाचं) समजतं आणि डाउनलोड रोखून धरतं. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन बंद करा. विंडोज अपडेट कोणी पॉज करून ठेवलं असेल तर तेही सुरू करा. पॅक तिथूनच येतो. सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर आधी जागा करा.

सरकारी किंवा कंपनीच्या नेटवर्कवरच्या मशीनवर शेवटी ०९५४ असलेला एरर कोड आला, तर अपडेट ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येतात आणि त्या सर्व्हरवर भाषेचा पॅक नाही, असं समजा. हे सिस्टिम ॲडमिनचं काम आहे. ऐच्छिक घटक थेट विंडोज अपडेटवरून घ्यायची परवानगी देणारी ग्रुप पॉलिसी त्याला सुरू करावी लागते. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तोंडावर मात्र ऑफिसच्या मशीनवर असे बदल करू नका; सेटिंग किरकोळ असलं तरी त्या आठवड्यांत ते उलटवायलाही कोणी मोकळं नसतं.

मोठ्या अपडेटनंतर काही मेनू पुन्हा इंग्रजीत गेले तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा, लायब्ररीत जाऊन अपडेट्स तपासा. मराठीचा लोकल एक्सपीरियन्स पॅक तिथून अद्ययावत होतो. मग साइन आउट करून परत या.

घरच्या आणि दुकानाच्या मशीनवर एकच मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर भाषेच्या आवडी एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात. दुकानात अचानक भाषांची यादी बदललेली दिसली तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, विंडोज बॅकअप इथे जाऊन भाषेचं सिंक बंद करा.

न कळणाऱ्या भाषेत अडकल्यास

कोणीतरी चुकून तेलुगू किंवा कन्नड लावून गेलं आणि एकही शब्द वाचता येत नाही, अशी मशीन सायबर कॅफेत नेहमी सापडते. वाचायची गरज नाही, जागा आणि चित्रं ओळखा. विंडोजचं बटण आणि आय दाबा. डावीकडच्या यादीत घड्याळाचं चित्र असलेली ओळ शोधा. उजवीकडे उघडलेल्या यादीत वरून दुसरी ओळ लँग्वेज अँड रीजनची. त्या पानावर सगळ्यात वर जी उघडणारी यादी आहे ती डिस्प्ले लँग्वेज. तिच्यात प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलेलं असतं, म्हणजे इंग्रजी इंग्रजी अक्षरांतच दिसेल. ती निवडा, शेजारी येणारं साइन आउटचं बटण दाबा.

मराठीतच काम करताना एखादी अडचण इंटरनेटवर शोधायची असेल तर संदेशाच्या शब्दांऐवजी एरर कोड शोधा. कोड कुठल्याही भाषेत तोच असतो.

ब्राउझर, ऑफिस, टॅली

क्रोम आपली भाषा स्वतः ठेवतो: सेटिंग्ज, लँग्वेजेस, मराठी जोडा, तिच्यासमोरच्या तीन टिंबांतून क्रोम या भाषेत दाखवा असा पर्याय निवडा आणि रीलाँच करा. ऑफिसमध्ये फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज. मराठीचा पॅक वेगळा उतरवावा लागतो. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, आणि तिथल्या भाषेच्या विभागात यूजर इंटरफेस. यादीत मराठी नसेल तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून कस्टममध्ये ती निवडा. टॅलीची भाषा टॅलीच्या आतूनच बदलते, विंडोजशी तिचा संबंध नाही.

उबुंटू

ज्यांची मशीन विंडोज ११ ला चालत नाही किंवा सिंगल लँग्वेजवर अडकली आहे, त्यांच्यासाठी उबुंटू ही विंडोजच्या जागी बसवायची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम हा चांगला पर्याय आहे. भाषांवर तिथे लायसन्सचं बंधन नाही. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीत सेटिंग्ज, सिस्टिम, रीजन अँड लँग्वेज उघडा आणि मॅनेज इन्स्टॉल्ड लँग्वेजेस दाबा. भाषांचं काही साहित्य अपुरं असल्याचं सांगितलं तर आधी ते बसवू द्या. मग इन्स्टॉल-रिमूव्ह लँग्वेजेसमध्ये मराठीवर खूण करून अप्लाय करा. यादीत मराठी खाली, फिकट रंगात दिसेल. तिला माउसनं ओढून सगळ्यात वर, इंग्रजीच्याही वर न्या. ओढायचं राहिलं तर काहीच बदलत नाही. साइन-इनचं पानही मराठीत हवं असेल तर अप्लाय सिस्टिम-वाइड दाबा. लॉग आउट करून परत या.

परत आल्यावर एक खिडकी विचारेल की डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स या फोल्डरांची नावं नव्या भाषेत करायची का. इथे कीप ओल्ड नेम्स निवडा आणि पुन्हा विचारू नको या चौकोनावर खूण करा. विंडोजमध्ये नाव फक्त पडद्यावर बदलतं. उबुंटूमध्ये फोल्डरचं खरं नाव बदलतं, आणि जुन्या पत्त्यावर डेटा शोधणारे बॅकअप आणि प्रोग्राम अडतात. कीबोर्ड वेगळा जोडायचा: सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह, मग यादीतून मराठी. दोन्हींत बदल करायला इथेही विंडोजचं बटण आणि स्पेसबारच.